चंबळच्या सुसरी आणि २००७-०८ चा हिवाळा : एका सामूहिक मृत्यूचा प्रकरण अभ्यास

डिसेंबर २००७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात, चंबळ यमुनेला मिळते त्याच्या वरच्या अंगाला, मेलेल्या सुसरी पाण्यावर तरंगताना आणि वाळूला लागलेल्या सापडू लागल्या. सुरुवातीला मोजक्या होत्या, मग भर पडतच गेली. मार्च २००८ मध्ये हे सत्र थांबले तेव्हा मृतांची संख्या शंभराच्या वर गेली होती. त्याच्या काही महिने आधीच आययूसीएनने, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, सुसर ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात टाकली होती. जगभरात प्रजननक्षम सुसरी अडीचशेपेक्षा कमी उरल्या असाव्यात, असा त्या वेळचा अंदाज होता. म्हणजे हे शंभर मृत्यू हजारोंच्या कळपातले नव्हते.

प्रकरणाचे निदान एका ओळीत सांगता येते : मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे झालेला गाऊट, म्हणजे युरिक आम्लाचे क्षार अवयवांत आणि सांध्यांत साठण्याचा आजार. मात्र गाऊट हा मूत्रपिंड बिघडल्याचा पुरावा आहे. मूत्रपिंड कशाने बिघडले, हे तो सांगत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की तपास चुकीच्या जागी आणि चुकीच्या महिन्यात जाऊन बसतो. सरीसृपांचे उत्सर्जन कसे चालते हे नीट पाहिले, तर कुठे आणि कधी शोधायला हवे होते ते बऱ्यापैकी स्पष्ट होते.

नदी आणि जनावर

चंबळ विंध्यात महूजवळ उगम पावते, मध्य प्रदेश व राजस्थानातून वाहते आणि इटावा जिल्ह्यात यमुनेला मिळते. तिच्या मधल्या आणि खालच्या टप्प्यात मोठी शहरे व कारखाने फारसे नाहीत, त्यामुळे उत्तर भारतातल्या स्वच्छ नद्यांत तिची गणना होते. १९७८-७९ मध्ये तीन राज्यांनी मिळून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य जाहीर केले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मगर प्रकल्पाखाली लखनौजवळच्या कुकरैल आणि मुरैनाजवळच्या देवरी केंद्रांत अंडी उबवून, पिल्ले सव्वा मीटरच्या आसपास वाढवून या नदीत सोडली जात होती. यमुनेची गोष्ट उलटी. दिल्ली, मथुरा, आग्रा यांचे सांडपाणी घेऊन ती संगमावर पोहोचते. पाणी एका दिशेने वाहते, मासे मात्र दोन्ही दिशांनी पोहतात, हे पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवायचे आहे.

भारतात मगरकुळातल्या तीन जाती आहेत : गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि सुसर. सुसरीचा लांब, अरुंद जबडा आणि त्यातले शंभराहून अधिक सुळ्यांसारखे दात हे मासे पकडण्याचे साधन आहे. मगर मासा खाते, तसेच पक्षी, बेडूक, सस्तन प्राणी आणि मेलेली जनावरेही खाते. वाढलेल्या सुसरीचा आहार मात्र जवळजवळ निव्वळ मासा. शिवाय प्रौढ सुसरीला पाय उचलून जमिनीवर चालता येत नाही, ती पोटावर सरपटते. म्हणून पाणी आणि पाण्यालगतची वाळू एवढेच तिचे जग. त्या नदीतल्या माशात काही बिघडले तर तिला दुसरा पर्याय नसतो.

किनाऱ्यावर काय दिसले

चार गोष्टींमुळे या प्रकरणाला आकार आला.

पहिली, जागा. मृत्यू चंबळच्या खालच्या, संगमाकडच्या टप्प्यात एकवटले होते. वरच्या टप्प्यातल्या सुसरी त्याच हिवाळ्यातून जात होत्या, पण तिथे असे सत्र दिसले नाही.

दुसरी, जात. त्याच पाण्यात मगरी होत्या, कासवे होती, गंगेतले डॉल्फिन होते. त्यांच्यात अशी मृत्यूंची लाट आली नाही. मासेही मोठ्या संख्येने मेले नाहीत. पाण्यात थेट मारक विष मिसळले असते तर आधी मासे मेले असते.

तिसरी, आकार. मेलेल्यांत बहुतेक अर्धप्रौढ व प्रौढ जनावरे होती, अगदी लहान पिल्ले जवळजवळ नव्हती.

चौथी, काळ. थंडी वाढत असताना सुरुवात आणि ऊन तापू लागल्यावर शेवट.

सुरुवातीच्या दिवसांत यकृताच्या सिऱ्होसिसची चर्चा झाली, नंतर शिसे आणि कॅडमियम या जड धातूंची, मधेच परजीवींची. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, भारतीय वन्यजीव संस्था, मद्रास क्रोकोडाइल बँक, राज्यांचे वनविभाग आणि परदेशातून आलेले मगर-वैद्यक असे अनेक जण या कामात गुंतले होते. ताजी शवे उघडायला मिळाली तेव्हा चित्र एकसारखे निघाले. हृदयाच्या आवरणावर आणि इतर आंतरिक अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता, सांध्यांत पांढरी लापशी होती आणि मूत्रपिंडे सुजून त्यांच्यात पांढरे ठिपके-रेषा भरल्या होत्या. हा युरिक आम्लाच्या क्षारांचा, म्हणजे युरेटचा साठा होता.

परजीवींबद्दल एक सांगायला हवे. नदीतल्या कोणत्याही मोठ्या सुसरीच्या पोटात काही कृमी सापडतातच. ते सापडले म्हणून मृत्यूचे कारण सापडले, असे होत नाही. यकृतातला बिघाडही अशा जनावरात दुय्यम असू शकतो. शंभर जनावरांत जे सामाईक आहे तेच कारणाच्या साखळीत धरायचे, आणि इथे सामाईक होते ते मूत्रपिंड.

पांढरा थर येतो कुठून

भिंतीवरच्या पालीची विष्ठा पाहिली तर काळ्या कांडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे पालीचे मूत्र. प्रथिने पचली की नत्रयुक्त टाकाऊ पदार्थ तयार होतो आणि तो बाहेर टाकण्याचे मुख्य मार्ग तीन : अमोनिया, युरिया किंवा युरिक आम्ल. अमोनिया बनवायला ऊर्जा लागत नाही, पण तो विषारी, म्हणून भरपूर पाण्यात विरघळवून टाकावा लागतो. युरिक आम्ल बनवायला ऊर्जा जास्त लागते, पण ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि जवळजवळ घट्ट स्वरूपात टाकता येते. पाणी वाचते.

सरीसृपांच्या सुमारे बारा हजार जातींत या तिन्ही मार्गांची सरमिसळ राहणीमानाप्रमाणे बदलते. साप आणि सरडे यांचा भर युरिक आम्लावर. गोड्या पाण्यातली कासवे अमोनिया व युरियाकडे झुकतात. कोरड्या प्रदेशातली जमिनीवरची कासवे युरिक आम्लाकडे. मगरकुळातली जनावरे मधे उभी आहेत. पाण्यात असल्याने बराच नत्र अमोनियाच्या रूपात जातो, पण युरिक आम्लही सतत तयार होते. पाण्याची ओढाताण झाली की त्याचा वाटा वाढतो. थोडक्यात, पाण्यात राहूनही सुसर गाऊटपासून सुरक्षित नाही.

मूत्रपिंडाची रचना हा पुढचा दुवा. सस्तन प्राण्यांच्या मूत्रपिंडात मूत्र आटवणारी लांब वळणाची नलिका असते. सरीसृपांत ती नाही, त्यामुळे त्यांना रक्तापेक्षा दाट मूत्र बनवता येत नाही. मगरकुळात आणि सापांत मूत्राशयही नसते. मूत्र सरळ अवस्करात, म्हणजे विष्ठा, मूत्र आणि अंडी बाहेर पडण्याच्या सामाईक मार्गात, उतरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे युरिक आम्ल गाळून नव्हे, तर मुख्यतः सूक्ष्मनलिकांच्या भिंतीतल्या पेशींकडून उपसून बाहेर टाकले जाते. हे पेशींचे काम आहे, त्याला ऊर्जा लागते, ऊब लागते, रक्तपुरवठा लागतो. त्या पेशी एखाद्या विषाने मेल्या की गाळणी शाबूत असली तरी युरिक आम्ल रक्तात साठत जाते. यकृत ते बनवतच राहते.

आणखी एक वैशिष्ट्य आहे. सरीसृपांत शेपटी आणि मागच्या पायांकडून परतणारे रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडाच्या नलिकांभोवती फिरवले जाऊ शकते. याला रीनल पोर्टल अभिसरण म्हणतात. या वाटेने येणारे रक्त गाळणीला वळसा घालून थेट नलिकांच्या पेशींना भिडते. म्हणूनच आजारी मगरीला किंवा सुसरीला मूत्रपिंडाला घातक औषध शेपटीत किंवा मागच्या पायात टोचायचे नाही, पुढच्या पायाच्या स्नायूत द्यायचे, हा नियम पाळला जातो.

थंडी : सहआरोपी

रक्ताइतके सोडियम असलेल्या द्रावणात युरेट किती विरघळते हे प्रयोगशाळेत मोजलेले आहे. ३७ अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम, ३० अंशांना ४.५, २५ अंशांना ३.३ आणि २० अंशांना अडीचच्या आसपास. जिवंत रक्तात प्रथिनांमुळे थोडे अधिक युरेट तरंगत राहू शकते, पण कल हाच राहतो. माणसाचे शरीर ३७ अंशांवर स्थिर असल्याने त्याला पहिले खडे पायाच्या अंगठ्यात, म्हणजे थंड टोकाला होतात. सुसरीचे मात्र अख्खे शरीर पाण्याबरोबर थंड होते. तिच्या बाबतीत प्रत्येक अवयवच ‘थंड टोक’ ठरतो.

समजा नोव्हेंबरमध्ये ऊन खाऊन ३० अंशांवर असलेल्या जनावराच्या रक्तात युरिक आम्ल ४ मिलिग्रॅमवर चढलेले आहे. तेव्हा ते विरघळलेलेच राहते, जनावर वरून ठीक दिसते. हेच जनावर जानेवारीत २० अंशांवर आले की त्याच रक्तात जवळजवळ दीड मिलिग्रॅम जास्तीचे ठरते आणि स्फटिक पडू लागतात. त्यातच थंडीत नलिकांच्या पेशींचे उपसणे मंदावते. आजारी जनावर वाळूवर चढून ऊन घेईनासे झाले, की घसरगुंडी सुरू होते.

मग थंडीनेच मारले असे का म्हणू नये? कारण थंडी दरवर्षी येते आणि निरोगी मूत्रपिंडे युरिक आम्लाची पातळी इतकी खाली ठेवतात की जनावर हिवाळा काढते. वरच्या टप्प्यातल्या सुसरींनी तोच हिवाळा काढला. संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा हाच, आणि तो प्रयोगशाळेतून आलेला नाही, नदीच्या नकाशावरून आला आहे. एकाच नदीत, एकाच तापमानात, एकाच जातीच्या दोन गटांत फरक पडतो तेव्हा तापमान हे मूळ कारण राहत नाही. थंडीने आधीच बिघडलेली मूत्रपिंडे उघडी पाडली, एवढेच तिच्या माथी मारता येते.

मार्चमध्ये मृत्यू थांबले यावरूनही घाईने काही काढता येत नाही. पाणी तापले म्हणून थांबले, की विषाचा पुरवठा संपला म्हणून, की ज्यांची मूत्रपिंडे खराब होती ती सगळी जनावरे मरून गेली म्हणून, या तिन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

संशयितांची छाननी

गाऊटकडे नेणाऱ्या ज्ञात वाटा एकेक करून तपासता येतात. पाण्याची कमतरता : नदीत राहणाऱ्या जनावराला ती सहसा होत नाही. अती प्रथिने : सुसर पिढ्यान्‌पिढ्या मासाच खाते. अ जीवनसत्त्वाचा अभाव : बंदिस्त जागेत एकसुरी, निकृष्ट खाद्यावरच्या सरीसृपांत यामुळे नलिकांचे अस्तर बिघडते, पण अख्खा मासा खाणाऱ्या रानटी जनावरात ते पटत नाही. संसर्ग : शंभर जनावरांना एका टप्प्यात घेरणारा आणि मगरींना न शिवणारा रोगजंतू असता तर ऊतींत जळजळीच्या ठळक खुणा दिसायला हव्या होत्या.

उरते ते मूत्रपिंडाला मारक रसायन. जड धातूंपैकी शिसे आणि कॅडमियम काही ऊतींत आढळले. कॅडमियम मूत्रपिंडात साठते हे खरे, पण ते वर्षानुवर्षे हळूहळू साठते. तीन-चार महिन्यांत उसळून शांत होणाऱ्या मृत्यूंचा आलेख त्याने एकट्याने काढता येत नाही. धातूंनी जनावर कमजोर केले असेल, इतपत म्हणणे रास्त आहे.

वेदनाशामक औषधांचा प्रश्न इथे टाळता येत नाही. दक्षिण आशियातल्या गिधाडांचा ऱ्हास जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे झाला हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्या गिधाडांच्या शवविच्छेदनातही हाच पांढरा थर होता. पक्षी आणि मगरकुळ हे उत्क्रांतीच्या वृक्षावर एकमेकांचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक आहेत, दोघांतही युरिक आम्ल नलिकांतून उपसले जाते, त्यामुळे हे साम्य लक्षवेधी आहे. परंतु गिधाड औषध दिलेल्या गुरांचे मांस खाते, सुसर मासा खाते. साम्य परिणामात आहे, मार्गात नाही. सारख्या थरावरून सारखे विष गृहीत धरणे ही चूक ठरेल.

जागा, जात आणि आकार या तीन खुणा एकत्र ठेवल्या की बोट माशाकडे वळते. यमुनेतून चंबळच्या तोंडाशी चढून येणारे मासे, विशेषतः तिथे फोफावलेला परदेशी तिलापिया, विषाचे वाहक असावेत, हा तपासातला सर्वांत टिकाऊ तर्क होता. त्याने बऱ्याच गोष्टी जुळतात. संगमाजवळच मृत्यू का, कारण मासे तिथवर येतात. मगरी का वाचल्या, कारण त्यांच्या आहारात मासा हा एक भाग आहे. लहान पिल्ले का वाचली, कारण ती कीटक, झिंगे आणि बोटभर मासे खातात, मोठ्या माशांत साठलेला डोस त्यांच्या वाट्याला येत नाही. मासे का मेले नाहीत, कारण ते अमोनिया कल्ल्यांतून टाकतात. युरिक आम्लावर त्यांचा जीव टांगलेला नसतो. पण नेमके रसायन कोणते, हे सिद्ध झाले नाही. प्रकरण तिथे उघडे राहिले.

रसायन हाती का लागले नाही

मगरीचे किंवा सुसरीचे शव आधी बुडते. आतड्यांत वायू धरल्यावर वर येते. उन्हाळ्यात हे लवकर होते, थंड पाण्यात बरेच दिवस जातात. म्हणजे तरंगताना दिसलेले शव ‘आज मेलेले’ नसतेच. मूत्रपिंड हा लवकर कुजणारा अवयव आणि सुसरीत तो पाठीच्या बाजूला, श्रोणीच्या खोबणीत, पोटाच्या आवरणाबाहेर दडलेला असतो. घाईत उघडलेल्या शवात यकृत आणि आतडी समोर येतात, त्यांचेच तुकडे काढले जातात. पहिल्या आठवड्यांत यकृतावर भर का गेला असावा, याचे हे एक साधे उत्तर आहे.

दुसरी अडचण फॉर्मलीनची. ऊती जतन करायला सगळे सवयीने फॉर्मलीन वापरतात, पण युरेटचे स्फटिक भरपूर पाण्यात हळूहळू विरघळतात आणि फॉर्मलीनमध्ये पाणीच जास्त असते. काचपट्टीवर मग स्फटिकांच्या जागी नुसती तारकाकृती पोकळी दिसते. म्हणून प्रत्येक अवयवाचा एक तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा लागतो. ध्रुवित प्रकाशाखाली त्यातल्या सुया चमकतात.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. पाणी २० अंशांखाली गेले की मगरकुळातली जनावरे खाणे जवळजवळ सोडतात, कारण त्या तापमानात पचनच चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत मेलेल्या सुसरींनी शेवटचे भरपेट मासे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाल्ले असणार. मूत्रपिंडांचा घात तेव्हा झाला आणि थंडीने तो दोन महिन्यांनी बाहेर काढला, हा क्रम आतापर्यंतच्या सगळ्या खुणांशी जुळतो. अनेक सेंद्रिय रसायने शरीरातून काही दिवसांत ते काही आठवड्यांत निघून जातात. जानेवारीतल्या शवात आणि जानेवारीतल्या पाण्यात ऑक्टोबरचे विष शोधणे म्हणजे उशीर झालेला असतो.

पुढच्या वेळी काय गोळा करायचे

शव सापडताच जागेची नोंद, फोटो, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत आणि अवस्करापर्यंत अशा दोन लांब्या, लिंग, शेपटीच्या बुडाशी चरबी किती आहे ते. चरबी भरलेली असताना मृत्यू म्हणजे आजार झपाट्याचा. हाडे वर आलेली म्हणजे रेंगाळलेला. शव सावलीत, शक्य तर बर्फावर. शीतपेटीत ठेवायचे, पण गोठवायचे नाही, गोठलेल्या ऊतीत पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही.

उघडताना क्रम असा : आधी हृदयाचे आवरण पाहायचे, कारण थर तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. मग यकृत व प्लीहा. मग आतडी बाजूला सारून दोन्ही मूत्रपिंडे पूर्ण मोकळी करायची, वजन करायचे, लांबीच्या दिशेने कापून कापलेल्या बाजूचा फोटो घ्यायचा. शेवटी गुडघा आणि पायाच्या बोटांचे सांधे. पांढरा पदार्थ युरेटच आहे का, याची खात्री जागेवर करता येते. चिमूटभर पदार्थ चिनी मातीच्या बशीत घ्यायचा, त्यावर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून मंद आचेवर कोरडा करायचा, थंड झाल्यावर अमोनियाचा थेंब. जांभळा रंग आला की युरेट. पू किंवा चुन्याचे क्षार हा रंग देत नाहीत.

प्रत्येक अवयवाचे नमुने चार वाटांनी जातात. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेला तुकडा दहापट आकारमानाच्या १० टक्के बफर केलेल्या फॉर्मलीनमध्ये. जाड तुकड्याच्या गाभ्यात द्रव पोहोचत नाही आणि तो आतून कुजतो. दुसरा शुद्ध अल्कोहोलमध्ये. तिसरा, सेंद्रिय रसायनांसाठी, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांखाली. प्लॅस्टिकमधून निघणारी रसायने हा नमुना नासवतात. चौथा, धातूंसाठी, स्वच्छ प्लॅस्टिकच्या डबीत. इथे उलट फॉइल चालत नाही. मूत्रपिंड, यकृत, चरबी, स्नायू आणि जठरातला ऐवज ही किमान यादी. जठरात गिळलेल्या दगडांबरोबर माशांचे खवले आणि कानातले खडे सापडतात, त्यावरून कोणता मासा खाल्ला हे ओळखता येते. तिलापिया की स्थानिक मासा, या प्रश्नाचे थेट उत्तर इथेच आहे आणि नेमका हाच ऐवज अनेकदा फेकून दिला जातो.

जिवंत पण मरगळलेली सुसर हाती आली तर तिचे रक्त दहा शवांपेक्षा मोलाचे असते. डोक्यामागे मानेच्या वरच्या मध्यरेषेतल्या शिरापोकळीतून किंवा शेपटीच्या खालच्या शिरेतून ते घेतात. नळी रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची हवी आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, लगेच वेगळा करायला हवा. मात्र एका आकड्यावरून निदान करायचे नाही, कारण भरपेट जेवणानंतर निरोगी जनावरातही युरिक आम्ल काही दिवस चढलेले राहते. पकडताना दोन धोके असतात. सुसरीचा जबडा नाजूक असतो, फास चुकीच्या जागी पडून ताण आला तर मोडतो. आणि मोठे जनावर फार झगडले तर स्नायूंतले लॅक्टिक आम्ल रक्तात उतरते, सोडल्यानंतर काही तासांनीही ते दगावू शकते. डोळे झाकणे, आवाज बंद ठेवणे, काम झटपट उरकणे, याला पर्याय नाही.

उपचार फार मर्यादित आहेत. जनावर ३० अंशांच्या आसपास उबेत ठेवणे, शरीरात द्रव भरणे, खाणे थांबवणे. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके आणि वेदनाशामके स्वतःच मूत्रपिंड मारतात, म्हणून ‘खबरदारी म्हणून’ ती टोचणे घातक. ॲलोप्युरिनॉल या औषधाने नवे युरिक आम्ल बनणे कमी होते, हृदयावर बसलेला थर त्याने लवकर हलत नाही.

नुकसानीचा खरा आकडा

शंभर ही संख्या पुरती बोलकी नाही. मादी सुसर साधारण २.६ ते ३ मीटर लांबीची झाल्यावर अंडी देऊ लागते, नराला प्रौढ व्हायला त्याहून बरीच वर्षे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये घातलेली अंडी पावसाळ्याच्या तोंडावर फुटतात आणि बहुतांश पिल्ले पहिल्या पुरातच वाहून जातात. अशा जातीत एका अर्धप्रौढ जनावराच्या मागे पाण्यात गेलेली शेकडो अंडी उभी असतात. हिवाळ्यात मेलेली जनावरे नेमकी या चाळणीतून पार झालेली होती. पिल्ले सोडून ही तूट लगेच भरत नाही, दहा वर्षे वाट पाहावी लागते.

या प्रकरणानंतर २००८ मध्ये चंबळवर रेडिओ ट्रान्समीटर लावून सुसरींचा दीर्घकालीन मागोवा सुरू झाला. ही जनावरे एका डोहाला बांधलेली नसतात, ऋतूप्रमाणे नदीत लांबवर ये-जा करतात, हे त्यातून नीट कळले. शेकडो पिल्लांच्या सामाईक घोळक्याजवळ मोठे नर राखण करताना दिसले. अलीकडच्या गणनांत चंबळमधल्या सुसरींची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आहे. पण संख्या वाढली म्हणून धोका हटला असे नाही : संगम तिथेच आहे, यमुना तशीच आहे आणि लांब फिरणाऱ्या जनावराला अभयारण्याची हद्द अडवत नाही.

म्हणून देखरेखीचे वेळापत्रक सुसरीच्या शरीराप्रमाणे बसवायला हवे. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरअखेर, संगमापासून वरच्या दिशेने ठरावीक अंतरांवर मासे पकडायचे, जात आणि वजन नोंदवून अख्खे गोठवायचे. तिलापिया आणि स्थानिक मासे वेगळे. त्याच काळात, जनावरे अजून उबदार आणि खाती असताना, संगमाजवळच्या आणि वरच्या टप्प्यातल्या थोड्या सुसरींचा प्लाझ्मा घेऊन ठेवायचा, म्हणजे युरिक आम्लाची तुलना करायला दोन्ही बाजूंचे आकडे हाताशी राहतील. डिसेंबरमध्ये पहिले शव दिसले तर हे गोठवलेले मासे त्याच आठवड्यात तपासणीला जायला हवेत. शव दिसलेच नाही, तरी ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत फेकायचे नाहीत.